आत्याबाई, भांडायचं काम आता माझं

आत्याबाई, तेरवी आटोपली. मंडपवाला बांबू-कनाती घेऊन गेला, गोंदियाकडचे पाहुणे दुर्ग स्टेशनावरून गाडीत बसले, आणि घरात आता मी आणि मनोज दोघंच उरलो. मनोजच्या डोक्यावर बारीक केस यायला लागलेत. माझ्या फोडणीला नावं ठेवणारं कुणी नाही, म्हणून की काय, ती रोज करपते.

जो येईल तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेला. 'बाई मोठी शांत होती, कोणाच्या अध्यात ना मध्यात,' असं तर दोघीतिघींनी म्हटलं. सासू गेलेल्या घरात सून हसली तर काय म्हणतील, म्हणून मी पदर तोंडात धरला. स्मृती नगरातल्या आपल्या गल्लीत असं एक घर दाखवा, ज्याच्या अध्यात आणि मध्यात तुम्ही नव्हता!

माझं रडून झालं ते दवाखान्यातच. रात्री अजून येतं, ते वेगळं. आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात, हे काही बरं केलं नाही. मुळापासून सांगते, म्हणजे 'असं नाई झालं वं' म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही.

पोलादाच्या भट्टीला आतून ज्या आगविटा लावतात, त्या बनवणाऱ्या कारखान्यात मी लॅबमध्ये होते. विटा दळायच्या, तापवायच्या, दाबून बघायच्या आणि माल पास की फेल ते सांगायचं. लॅबचे जुने प्रमुख निवृत्त झाले तेव्हा सगळे धरून चालले होते की ती खुर्ची माझी. साहेबांनी ती दिली एका मुलाला, ज्याला काम मीच शिकवलं होतं. मी विचारलं, का? साहेब हसत म्हणाले, "मॅडम, रात्रीबेरात्री काही झालं तर बाईमाणसाला कुठं बोलवायचं?" मी वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या आणि त्या हजेरीवर सह्या त्यांच्याच होत्या. तेवढंच मी मेलवर लिहून पाठवलं. पुढच्या आठवड्यात माझी बदली गेटवर झाली. धरमकाट्याशेजारी, म्हणजे जिथं ट्रकांचं वजन होतं तिथं, एक टेबल, एक खुर्ची, एक शिक्का. एमएस्सी केमिस्ट्री झालेली बाई ट्रकवाल्यांच्या पासवर शिक्के मारायला लागली.

घरात मी सांगितलं नव्हतं. मनोजलाही नाही. तुम्हीच एक दिवस माझ्याकडे बघत विचारलंत, "तुह्या लॅबात एसी हाय नं वं? मंग तोंड एवढं कावून काळवंडलं?" मी म्हटलं, गाडीवर ऊन लागतं. तुम्ही "हं" म्हणालात. तुमच्या 'हं'ला मी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

साहेब आपल्यातलेच. त्यांच्या आई तुमच्या मंगळवारच्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या, तुम्ही टाळ. गेटवरची गोष्ट तुम्ही कुठून काढलीत ते देव जाणे. त्या मंगळवारी मी तुम्हाला घ्यायला आले होते आणि दारातच थांबले होते. आरतीच्या आधी तुम्ही टाळ खाली ठेवलेत आणि भरल्या मंडळात विचारलंत, "काय वं माय, तुमच्या पोरानं माह्या सुनेले ट्रकापाशी कावून बसवलं? चोरी केली का तिनं?" त्या माउलीची बोटं पेटीवरच राहिली. भाता सुटला आणि पेटीनं एक लांब सूर काढून जीव सोडला. तुम्ही टाळ उचललेत आणि म्हणालात, "चला, आरती म्हना."

मी गाडीवरच भांडायला लागले, आठवतं? हेल्मेटमधून ओरडत होते, "माझ्या नोकरीची वाट लावली तुम्ही! आता सगळ्या भिलाईत बोभाटा होईल." मागे बसून तुम्ही शांतपणे म्हणालात, "होऊ दे नं. भांडायचं काम माह्यं, नोकरी करायचं तुह्यं. तू गोड राय. मले कोण काढते कुठून?" मी म्हटलं, माझं भांडण मला भांडू द्या. तुम्ही म्हणालात, "मंग भांड नं. गेटावर बसून का मुहूर्त पाहून राहिली?"

त्याचं उत्तर मी दिलं काही आठवड्यांनी, राजीनाम्याच्या रूपात. साहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, "भिलाई लहान गाव आहे, मॅडम. कुठंही जा, फोन मलाच येणार."

त्यात खोटं काही नव्हतं. इथं कारखाने ढीगभर आहेत, पण सगळे साहेब एकमेकांच्या लग्नांत जेवलेले. मी अर्ज करायची, मुलाखत छान व्हायची, लोक 'कधीपासून याल' इथपर्यंत यायचे आणि मग सामसूम. शेवटी एका ठिकाणच्या ऑफिसातल्या मुलीला माझी दया आली. तिनं हळूच सांगितलं, "मॅडम, वहाँ से बोले कि काम अच्छा है, पर अ‍ॅडजस्टिंग नेचर नहीं है." बघा बरं, काय नेमकी शिवी आहे! चोर म्हटलं असतं तर मी पुरावा मागितला असता. कामचुकार म्हटलं असतं तर काम दाखवलं असतं. 'जमवून घेत नाही' याला काय दाखवणार? आणि बाईबद्दल हे म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

त्या दिवशी तुम्ही स्टुलावर चढून पंखा पुसत होता. मी खाली स्टूल धरून उभी होते आणि रडत होते. तुम्ही वरूनच तोडगा काढलात. "सांगजो, सासू बिमार होती, तिच्यासाठी सोडली. झालं! कोणी फोन नाई करत मंग. सासूची सेवा म्हटलं का लोकं हात जोडतेत." मी वर बघितलं. एवढी ठणठणीत बिमार सासू अख्ख्या दुर्ग जिल्ह्यात सापडली नसती. मला रडता रडता हसू आलं, पण मी नाही म्हटलं. त्यांनी केलेला अन्याय मी तुमच्या आजारपणाखाली का झाकू? ते उजळ माथ्यानं हिंडणार आणि मी देवीसारखी सून म्हणून हार घालून घेणार?

"अवं, मेलेल्या माणसाच्या नावावर नोकरी केली मी," तुम्ही म्हणालात. "तुले त जित्या माणसाचं नाव घ्यायचं हाय. त्यात एवढी कायची लाज?"

मामंजी नोकरीत असताना गेले आणि रेल्वेनं त्यांच्या जागी तुम्हाला अनुकंपावर घेतलं. ड्रायव्हर आणि गार्ड येऊन झोपतात त्या रनिंग रूममध्ये तुम्ही चादरी बदलल्या, पाणी भरलं, झाडू मारला आणि पुढे पुढे सगळी रनिंग रूमच सांभाळली. मनोज त्याच्यावर शिकला. तुमचा हिशेब साधा होता. गेलेला माणूस कामाला येतो तर येऊ द्यावा, त्यात त्याचं काय जातं?

पण आत्याबाई, मी तुमच्या निरोपसमारंभाला होते. नवीनच लग्न झालं होतं माझं. तुमचे अधिकारी माइकवर तुमच्याबद्दल बोलले, म्हणजे सगळं मामंजींबद्दलच बोलले. 'इनके पति की जगह', 'इनके पति की याद', 'रेलवे ने परिवार को सहारा दिया'. तुम्ही हार घालून बसला होता आणि हसत होता. घरी आल्यावर तुम्ही हार काढलात, पाणी प्यालात आणि मला म्हणालात, "जिंदगीभर राबली मी, अन् भाषण नवऱ्याचं झालं. एक बोट वर करून बोलता आलं नाई मले." मग लगेच भाकरी टाकायला उठलात. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही, तुम्ही निघू दिला नाहीत. त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं असं तुम्ही म्हणालात, तरी मी ते मानणार नाही. तुम्हालाही ते टोचलं होतं.

आपलं भांडण ते हेच. रोज थोडं थोडं चालायचं. एका अर्जात दोन माणसांची नावं मागितली होती, जी माझ्याबद्दल सांगतील, आणि खाली अट होती की नातेवाईक चालणार नाहीत. तुम्ही म्हणालात, "माह्यं नाव टाक." मी म्हटलं, नातेवाईक नको आहेत. "सासू कधीपासून नातेवाईक झाली वं?" तुम्ही इतक्या गंभीरपणे विचारलंत की मनोजच्या नाकात चहा गेला.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र तुम्ही लाखाची सांगितलीत. जुने सोबती मला टाळत होते. फोन उचलायचे, 'ताई ताई' करायचे आणि नाव द्यायची वेळ आली की रेंज जायची. मी त्यांच्यावर चिडले होते. तुम्ही म्हणालात, "त्याइले कावून दोष देते? साहेबाचं मीठ खाऊन राह्यले ते. जो साहेबाचं मीठ खात नाई, पण ज्यानं तुह्यं काम पाह्यलं, तो माणूस धुंड." मी भांडी घासता घासता थांबले. असा एक माणूस होता. आमच्याकडून विटा घेणाऱ्यांच्या वतीनं माल तपासायला एक तिवारीजी यायचे. लॅबमध्ये माझ्यासमोर बसून नमुने बघायचे. मी घाबरत घाबरत त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मैडम, आपने मेरे सामने अपनी ही कंपनी का माल फेल किया था. मैं भूला नहीं हूँ. लिखिए मेरा नाम." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात तुमच्याभोवती एक गिरकी घेतली. तुम्ही म्हणालात, "दूर हो, तेल गरम हाय."

मग तुम्ही खरंच आजारी पडलात. आधी साधा ताप वाटला आणि बघता बघता छातीत पाणी झालं. नंदिनी नगरच्या रस्त्यावरच्या एका कारखान्याला लॅबसाठी माणूस हवं होतं. तो अर्ज मी तुमच्या पलंगाशेजारी बसून मोबाइलवर भरला. तुम्ही नाकावरची नळी सरकवून म्हणालात, "आता तं मी खरीच बिमार हाय. आता तरी सांगजो." मी म्हटलं, गप्प पडून राहा. "नाई, सांग तू मले, सांगशील का नाई?" मी म्हटलं, नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. सिस्टर येऊन मला रागावली की पेशंटशी वाद घालू नका. तिला काय माहीत, आपण वाद घालत होतो म्हणून मला धीर वाटत होता. तुम्ही वाद सोडलात त्या दिवशी मला कळलं.

मुलाखतीचा फोन आला तेव्हा घरात सुतक होतं. मनोजनं अग्नी दिलेला, त्यामुळे त्याला उंबरा ओलांडायचा नव्हता. तुमचे मोठे दीर आले होते, ते म्हणाले, "घरात सुतक असताना सुनेनं इंटरव्ह्यूले जाणं बरं दिसत नाई. लोकं काय म्हनतीन?" खरं सांगू? तुम्हीही कदाचित तेच म्हणाला असता. शेजारी सुतक असलं की तुम्ही शेजारणीच्या हातची साखरसुद्धा घरात घेत नसा. मला तुमच्या विटाळ-सोवळ्याचा राग यायचा आणि त्या दिवशी त्याच नियमानं मी घरात कोंडलेली होते. मी काही बोलायच्या आत मनोज चटईवरून उठला, खुंटीवरची स्कूटीची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. काकांना म्हणाला, "आईनंच भजनात भांडून तिची नोकरी घालवली, असं सगळे म्हणतात नं? मंग आईच्याच दिवसांत तिले लागू द्या."

मी गेले. केसांना तेल नाही, कपाळ मोकळं, साधी पांढुरकी साडी. तीन माणसं बसली होती. केमिस्ट्रीचं सगळं विचारून झालं, ते मला आलं. मग मधले वयस्क गृहस्थ माझ्या साडीकडे बघून म्हणाले, "घर में कुछ हुआ है क्या, बेटा?" मी सांगितलं, सासूबाई गेल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ओहो. तो पिछली नौकरी उन्हीं की सेवा में छोड़ी होगी."

आत्याबाई, विचारायचीसुद्धा गरज पडली नव्हती. त्यांनी ताट वाढून माझ्यापुढे सरकवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. कुणी साहेबांना फोन केला नसता. आणि तुमची आज्ञाच होती ती, दवाखान्यातली शेवटली. सगळं जुळून आलं होतं. आणि मला तुमचा तो निरोपसमारंभातला चेहरा दिसला, हारात हसणारा.

मी म्हटलं, "नहीं सर. नौकरी छोड़ी तब वो स्टूल पर चढ़कर पंखा पोंछती थीं. मैंने नौकरी छोड़ी क्योंकि मेरा काम छीनकर मुझे गेट पर बिठाया गया, और मैंने पूछा था कि क्यों." तिघंही वर बघायला लागले. मी थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून बोलतच राहिले. "आप वहाँ फोन करेंगे, जरूर कीजिए. साहब बोलेंगे कि ये अ‍ॅडजस्ट नहीं करती. वो सही बोलेंगे. बस इतना पूछ लीजिए कि किस बात पर. और तिवारीजी का नंबर लिखा है, काम कैसा है वो उनसे पूछिए."

बाहेर आले. स्कूटी सुरू होईना. मी तिथंच पार्किंगमध्ये तुम्हाला मोठ्यानं म्हटलं, "घ्या! केलं मी माझ्या मनाचं!" वॉचमन बघायला लागला.

फोन आला तेरवीच्या दिवशी, पंगत बसायच्या वेळी. मागच्या अंगणात जाऊन घेतला. तेच मधले गृहस्थ होते. म्हणाले, "आपके पुराने साहब ने वही कहा जो आपने बताया था. मैंने पूछा, किस बात पर? तो वो इधर-उधर की करने लगे." मग म्हणाले, "तिवारीजी से भी बात हुई. घर का काम निपट जाए तो आ जाइए, लैब आपकी राह देख रही है."

मला पहिल्यांदा तुम्हालाच सांगायचं होतं. वळले तर समोर तुमच्या फोटोला हार.

मनोजला सांगितलं आणि त्याच्या तोंडावरून ते सगळ्या मंडपात पसरलं. मी वरणाचं भांडं घेऊन वाढायला निघाले तर पंगतीत एकच गोष्ट चालू होती. भजनी मंडळाच्या बाया डोळे पुसत होत्या. काका हात जोडून फोटोकडे बघत म्हणाले, "पाहा, काय पुण्यवान बाई! जाता जाता सुनेले नोकरी लावून गेली. दुखवटा पाहून साहेबाले दया आली असंल." आणि माना हलायला लागल्या. 'हो, सासूचाच आशीर्वाद.' 'सासू गेली म्हणून लागली.' सगळे प्रेमानंच म्हणत होते. तुमच्याबद्दलही सगळे प्रेमानंच म्हणत असतील, मामंजी गेले तेव्हा.

मोठ्यांसमोर आवाज चढवू नये, तेरवीच्या पंगतीत तर नाहीच, हे तुम्हीच शिकवलं होतं. पण भांडायचं काम ज्यांचं होतं त्या आता फोटोत होत्या, आणि दुसरं कुणी बोलणार नव्हतं. मी वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"काका," मी म्हटलं, "कोणी मेलं म्हणून कोणी नोकरी करत नसते. नोकरीचा कागद निघत असंल तसा, तेवढंच. नोकरी रोज उठून करा लागते. ह्या घरातल्या बायांनी ती केली. मीही केली, अन् आत्याबाईनंही केली, निवृत्त होईपर्यंत केली, आणि ती त्यांची स्वतःची होती."

साऱ्या पंगतीचे हात ताटात थांबले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे. मग त्यांनी आपली वाटी पुढे सरकवली आणि म्हणाले, "वाढ, पोरी."